पोटातलं शिंगरू कोणाचं?

"डॉक्टरसाहेब, घोडी अडलीय. दोन पाय दिसतात, तोंड दिसत नाही."

फेब्रुवारीची रात्र, एक वाजून दहा मिनिटं. फोनवर भाऊ होते, माझ्या ओळखीचे शेतकरी. पाणपिशवी फुटून दहा मिनिटं झाली होती. गाय अडली तर हाताशी काही तास असतात. घोडीकडे तेवढा वेळ नसतो. तिच्या कळा इतक्या जोरकस असतात, की सगळं नीट असेल तर वीस-तीस मिनिटांत शिंगरू बाहेर येतं. त्यापेक्षा उशीर झाला तर आतली वार सुटू लागते आणि शिंगराचा प्राणवायू तुटतो. मी म्हटलं, "घोडीला उठवा आणि चालवत ठेवा. मी येईपर्यंत कोणी काही ओढायचं नाही." त्यांचा मळा माझ्या घरापासून बारा किलोमीटरवर.

गाडी चालवताना डोक्यात घोडी होती आणि तिच्याबरोबर एक कागदही होता. वहीतून फाडलेला, रेघांचा कागद. त्यावर साक्षीदार म्हणून माझी सही होती.

तो कागद चौदा महिन्यांपूर्वी सारंगखेड्याला लिहिला गेला. तापीकाठी दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यासोबत घोड्यांचा बाजार. मी खानदेशात जनावरांचा डॉक्टर आहे, त्याआधी तीन वर्षं पुण्याजवळच्या एका थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या, फार्मवर होतो, त्यामुळे बाजारात ओळखीचे लोक घोडी दाखवायला मला ओढून नेतात. घेणारे अंगावरचे केसांचे भोवरे बघतात, देवमण हा शुभ मानलेला भोवरा शोधतात, पाय किती पांढरे ते मोजतात, मारवाडी घोडीचे कान टोकाला जुळतात का ते पाहतात. मी शेपटीखाली बघतो. योनीची ठेवण तिरकी असेल तर शेण आत जातं, गर्भपिशवीला सूज येते आणि घोडी दरवर्षी लावूनही रिकामी राहते. भोवऱ्यांवरून यातलं काहीही कळत नाही.

भाऊंना पैदाशीसाठी मारवाडी घोडी हवी होती. घरात आजोबांच्या वेळची पागा होती, गेली वीस वर्षं तिथे खतांची पोती पडलेली. त्यांना आवडलेली सहा वर्षांची कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी, घोडी साडेतीन लाखांना तुटत होती. भाऊंकडे दीड लाख होते, बाकीचे पतसंस्थेतून काढायचा विचार होता. तेवढ्यात दोंडाईच्याचे आप्पा म्हणाले, "विकत कशाला घेता? माझी चांदणी न्या. घोडा तुम्ही लावा, सांभाळा, शिंगरू तुमचं. दूध तोडलं की घोडी मला परत."

शेळ्या, गायी अर्धेलीनं पाळायला द्यायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. हा तिचाच एक प्रकार, फक्त शिंगरात वाटा नाही, त्याऐवजी भाडं. आप्पांनी चाळीस हजार सांगितले. वीस आधी, वीस शिंगरू उभं राहून आईला प्यायल्यावर.

भाऊ मला चहाच्या टपरीवर घेऊन गेले आणि म्हणाले, मांडा हिशेब. मी मांडला. घोडी साधारण अकरा महिने पोटात वाढवते आणि सहा महिने पाजते, म्हणजे सतरा महिन्यांचा खेळ. चारशे किलोच्या घोडीला रोज आठ-नऊ किलो तरी कोरडा आहार लागतो. घरची वैरण धरूनही चंदी-वैरणीचा खर्च दिवसाला दोनशेवीस रुपयांच्या खाली येईना. तो सतरा महिन्यांचा १,१२,२०० झाला. घोडा लावायचे २०,०००. तपासण्या, लसी, जंतांचं औषध आणि नालबंद मिळून १५,०००. हे एक लाख सत्तेचाळीस हजार घोडी स्वतःची असो की भाड्याची, तेवढेच लागणार. त्यावर भाड्याचे चाळीस धरले की शिंगरू १,८७,२०० ला पडतं. विकत घेतली तर साडेतीन लाख धरून पाच लाखांच्या जवळ, पण शेवटी घोडी दारात राहते आणि पुढच्या वर्षी पुन्हा फळू शकते. दोन लाखांचं कर्ज बारा टक्क्यांनी काढलं तर सतरा महिन्यांचं व्याज चौतीस हजार, आणि स्वतःचे दीड लाख अडकतात ते वेगळेच.

मी बोट ठेवलं ते इथे. "भाऊ, भाडं आणि व्याज यांत फार अंतर नाही. वैरण दोन्हीकडे तीच. एका शिंगरापुरतं बघायचं असेल तर भाड्यानं घ्या. पाच वर्षं पैदास करायची असेल तर विकत घ्या, पण दर वर्षी शिंगरू मिळेल असं धरू नका. एखादं वर्ष रिकामं जातंच, आणि त्या वर्षीही घोडी तेवढंच खाते."

हिशेब बरोबर होता. आजही त्यातला एक आकडा मी बदलणार नाही. पण मी फक्त आकडेच मांडले. पुण्याच्या फार्मवर असले करार मी पाहिले होते. तिथे 'जिवंत शिंगरू' म्हणजे काय हे शब्दांत लिहिलेलं असतं, घोडी दगावली तर काय, रिकामी राहिली तर काय, सगळं. थरोब्रेडमध्ये तर कृत्रिम रेतनही चालत नाही, प्रत्येक गोष्टीला नियम. आणि इथे दत्ताच्या यात्रेत, दोन भल्या माणसांच्या मध्ये बसून, मी वहीच्या पानावर चार ओळी लिहू दिल्या आणि खाली सही केली.

चांदणी तेरा वर्षांची होती. भाऊंनी तिला माहेरवाशिणीसारखं ठेवलं. मार्चमध्ये माजावर आली तेव्हा मी एक दिवसाआड सोनोग्राफी करत होतो. बीजकोशावरचा फुगा पस्तीस मिलिमीटरच्या पुढे गेला तेव्हा घोडा लावला. पंधराव्या दिवशी पडद्यावर काळा गोल ठिपका दिसला. एकच होता, त्याचं मला हायसं वाटलं, कारण घोडीला जुळी झेपत नाहीत. भाऊंनी पडद्यावर हात ठेवला, जणू तिथे काही ऊब लागणार होती. पुढे पाचव्या, सातव्या, नवव्या महिन्याला गर्भपात टाळणारी लस दिली. शेवटच्या आठवड्यात कास भरली, सडांवर मेण धरलं, आणि भाऊ खाट घेऊन पागेत झोपायला गेले. त्यांचं लक्ष कुठेही कमी पडलं नव्हतं, हे मला ठासून सांगायचंय.

मी पोचलो तेव्हा दीड वाजला होता. चार गडी दोर घेऊन उभे. शेजारच्या मळ्यातून कोणीतरी ट्रॅक्टर चालू करून आणला होता. तो आधी बंद करायला लावला.

हात खांद्यापर्यंत आत घातला. पुढचे दोन्ही पाय सरळ, पण त्यांच्यावर टेकलेलं नाक असायला हवं तिथे आयाळ लागली. मान डावीकडे पूर्ण मागे वळलेली. शिंगराची मान लांब असते, वासराच्या मानेसारखा तिचा वळसा सहज हाताला येत नाही. कान लागला, मग डोळा. बोटाखाली पापणी हलली.

शिंगरू जिवंत होतं.

घोडीला गुंगीचं औषध दिलं, शेपटीच्या मुळाशी एपिड्यूरल दिलं, आत वंगण सोडलं. शिंगराची छाती मागे ढकलायची, जागा करायची आणि तोंड गाठून मान सरळ करायची, एवढंच काम. पण ढकलावं तितकं चांदणी पुन्हा जोर करायची. नाकपुडी माझ्या बोटांच्या टोकापासून चार बोटं पुढे राहायची. खालच्या जबड्यात फास अडकवायचा दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा निसटला.

भाऊ माझ्या कानाशी होते. "ओढा साहेब. जिवंत आहे ना? मग ओढा."

त्याच वेळी त्यांच्या मुलाच्या हातातल्या फोनवरून आप्पांचा आवाज. ते मोटारसायकलवर निघाले होते, मध्ये थांबून बोलत होते. "डॉक्टर, माझी घोडी फाटू देऊ नका. शिंगरू जाऊ द्या, घोडी वाचवा."

दोघंही बरोबर होते. घोडी आप्पांची होती, तिच्या पोटातलं भाऊंचं. भाऊंचे तोवर सव्वा लाख गेले होते आणि अकरा महिन्यांच्या रात्री गेल्या होत्या. चांदणी जगली तर ती दोंडाईच्याला परत जाणार, पुढचं शिंगरू आप्पांचं. या रात्रीनंतर भाऊंच्या हाती काहीच राहणार नव्हतं. घोडी त्यांची स्वतःची असती तर हेच भाऊ मला म्हणाले असते, साहेब, घोडी वाचवा, शिंगरू पुढच्या वर्षी होईल. टपरीवरच्या माझ्या हिशेबात या रात्रीला जागाच नव्हती.

सिझेरियन करायची सोय सात-आठ तासांवर. वळलेल्या मानेसकट ओढलं असतं तर वाट फाटली असती, कदाचित पिशवीही, आणि बहुतेक दोन्ही जीव गेले असते. मी भाऊंना म्हटलं, "मी ओढणार नाही. मला रागवा, पण दोर खाली ठेवा." ते काही बोलले नाहीत. दोर खाली ठेवला तो त्यांनीच.

आणखी दहा मिनिटं प्रयत्न केला. एक पंचावन्नला मी पुन्हा डोळ्यावर बोट ठेवलं. पापणी हलली नाही. खुराच्या वर चिमटा घेतला. पाय मागे ओढला गेला नाही.

त्यानंतरचं काम मी थोडक्यात सांगतो. आत तारेनं मान कापून वेगळी करावी लागते, तारेच्या दोन्ही बाजूंना नळी ठेवून, म्हणजे घोडीला इजा होत नाही. एकाच कापात भागलं. सव्वातीनला शिंगरू बाहेर आलं. कुमैत मादी होती, कपाळावर टिळा. भाऊंच्या आईनं ते घोंगडीत गुंडाळायला सांगितलं आणि आम्ही तसं केलं.

काम तिथे संपत नाही. घोडीची वार तीन तासांत पडायला हवी. तिचा तुकडा जरी आत राहिला तरी विष अंगात भिनतं आणि ते खुरांत उतरतं. घोडी वाचते, पण पायांवर उभी राहू शकत नाही. वार पडावी म्हणून ऑक्सिटोसिन देत राहिलो. वार सहाच्या सुमारास पडली. ती अंगणात पसरून, पाणी भरून, दोन्ही टोकं तपासली. रिकाम्या बाजूचं टोकच बहुधा तुटून आत राहतं. पूर्ण होती. पिशवी धुतली, प्रतिजैविकं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, बर्फाच्या पोत्यांत चारही पाय ठेवले.

आप्पा तीनलाच येऊन पोचले होते. आल्यावर ते घोडीकडे गेले नाहीत, आधी भाऊंच्या शेजारी जमिनीवर बसले. उजाडेपर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. चहा आला तेव्हा भाऊ एवढंच म्हणाले, "तुमची घोडी शाबूत आहे, आप्पा. माझं काय?" आप्पांनी उरलेले वीस हजार मागितले नाहीत. पण औषधांचं बिल कोणाचं, पुढच्या आठ दिवसांची वैरण कोणाची, यातलं कागदावर काहीच नव्हतं. दोघांनी माझ्याकडे पाहिलं, कारण सही माझी होती. औषधांचे पैसे मी घेतले नाहीत. त्यामुळे काही सुटलं नाही.

नववा दिवस उलटल्यावर आप्पा चांदणीला घेऊन गेले. दोन्ही घरांत येणं-जाणं थांबलं. व्याल्यानंतर आठवडा-दहा दिवसांनी घोडी पुन्हा माजावर येते, तो माज सोडून द्यायला मी सांगितलं होतं. त्या उन्हाळ्यात तिला कोणीच लावली नाही.

पुढच्या मार्गशीर्षात मी दोघांना सारंगखेड्याला त्याच टपरीवर बोलावलं. माझ्या मनाची ती गरज होती. आधी चांदणीच्या पिशवीची तपासणी करून घेतली होती. सूज नव्हती, पाणी नव्हतं. आप्पांनी न विचारता सांगितलं, एक शिंगरू बिनभाड्याचं. भाऊ म्हणाले, भाडं घ्या, पण लिहून घ्या.

या वेळी कागद मोठा झाला. घोडी रिकामी राहिली तर अर्धी वैरण आप्पांची. शिंगरू उभं राहून प्यायलं तरच भाड्याचा दुसरा हप्ता. घोडी भाऊंच्या हयगयीनं दगावली तर तिची किंमत अमुक, नैसर्गिक दगावली तर कोणाकडे काही नाही. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची तपासणी आधी, खर्च आप्पांचा. रात्री अडली तर डॉक्टर भाऊ बोलावतील, पैसे निम्मे-निम्मे.

शेवटची ओळ मी सांगत होतो, भाऊ लिहीत होते. घोडी आणि शिंगरू यांतलं एकच वाचणार असेल तर घोडी आधी, आणि तसं झालं तर पुढच्या वर्षीचं शिंगरू भाऊंचं, भाडं नाही, वैरण निम्मी. भाऊंचं पेन 'घोडी आधी' या शब्दांवर थांबलं. मग त्यांनी ते लिहिलं, कागद आप्पांकडे सरकवला आणि म्हणाले, "वाचून दाखवा आप्पा. मोठ्यानं वाचा."

आप्पांनी वाचलं. तिघांनी सह्या केल्या. चांदणी टपरीमागे बाभळीला बांधली होती. भाऊ उठले आणि तिचा दोर सोडायला गेले.