कितवी वारी?

भवानी पेठेत पालखी विठोबापाशी पोचले तेव्हा उजाडायचं होतं. पुण्यातले दोन मुक्काम आटोपून माउलींची पालखी सासवडला निघत होती. तुकोबांची पालखी नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाहून निघते आणि हडपसरनंतर लोणी काळभोरची वाट धरते. मी सासवडपर्यंतच चालणार होते. 30 किलोमीटरच्या आसपासची ही चाल, अख्ख्या वाटेतली सर्वांत मोठी.

वडकी नाल्याच्या विसाव्याला एका मावशींशेजारी टेकले. परभणीकडच्या. त्यांनी आधी डोक्यावरचं तुळशीवृंदावन पटकुराची घडी घालून तिच्यावर नीट ठेवलं, मग स्वतः बसल्या. अंगठ्याची चिंधी सोडून पुन्हा घट्ट बांधता बांधता विचारलं, "कितवी वारी गं माय?"

"पहिलीच."

"मग ही यात्रा झाली बघ. पुढल्या साली आलीस की वारी."

दिवे घाटाच्या चढावर टाळांच्या गजरात हेच डोक्यात घोळत राहिलं. तीर्थ म्हणजे मुळात नदीचा उतार, पलीकडे जायची जागा. काशी-रामेश्वर आयुष्यात एकदा घडलं तरी माणूस कृतार्थ होतो. वारीचं तसं नाही. वारंवारमधला 'वार' तिच्यात आहे. आषाढी झाली की कार्तिकी, मग माघी, चैत्री. कित्येक जण तर दर महिन्याच्या शुद्ध एकादशीला पंढरपूर गाठतात. 'पंढरीची वारी आहे माझे घरी, आणिक न करी तीर्थव्रत' असं तुकोबा म्हणतात, तेव्हा वारी आणि तीर्थ ही दोन नावं ते वेगळीच ठेवतात. एकदाच केलेल्या परदेश दौऱ्यालाही आपण 'वारी' म्हणतो, ते मला आता खटकतं.

बाबा आजारी होते तेव्हा आई म्हणायची, "वर्षभर दवाखान्याच्या वाऱ्या चालल्यात." तेव्हा तो शब्द मला कडवट वाटायचा. पण ती दर आठवड्याला, न चुकता, डबा घेऊन जायची. घाट चढताना तिचा तो स्टीलचा डबा डोळ्यांपुढून हलेना.

सासवडला मावशींच्या पाया पडायला वाकले, तर त्याही माझ्यापुढे वाकल्या. "माउली," म्हणाल्या, "नाल्यापाशी बघते तुला."

त्यांच्या दिंडीचा नंबर फोनमध्ये टिपून घेतला. परतीच्या बसमध्ये पुढच्या वर्षीची ज्येष्ठ वद्य अष्टमी, म्हणजे आळंदीहून प्रस्थानाचा दिवस, कधी येतोय ते शोधलं.