सिग्नलला मी ट्रकच्या मागेच का थांबते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सिग्नलला गाड्यांची रांग लागलेली असते, डाव्या कडेला सायकल सहज जाईल एवढी मोकळी फट असते, बाकीचे सायकलवाले तिथून सुळकन पुढे निघून जातात आणि मी मात्र ट्रकच्या मागे धूर खात उभी असते. "सायकल असून रांगेत कशाला थांबता? घाबरता का?" हे मला सोबत सायकल चालवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी विचारलं आहे.

हो, घाबरते. पण कशाला, ते नीट सांगायला हवं.

नवीन सायकलवाल्याला धास्ती असते ती पाठीमागून भरधाव येणाऱ्या ट्रकची. मोकळ्या रस्त्यावर ती रास्तच आहे. चौकात मला ज्याची भीती वाटते तो ट्रक मात्र उभा असतो. इंजिन गुरगुरत असतं, बाकी सगळं शांत. आपण त्याच्या डाव्या अंगाला जाऊन थांबतो. दिवा हिरवा होतो. आपल्याला सरळ जायचं असतं, त्याला डावीकडे वळायचं असतं. वळताना त्याचा वेग माणसाच्या चालण्यापेक्षा फार जास्त नसतो, आणि तरीही सायकलस्वार चाकाखाली जातो. (मी डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीचं बोलते आहे. जिथे उजवीकडून चालते तिथे हेच सगळं उलट्या बाजूने घडतं.)

याचं कारण मागच्या चाकात आहे. लांब गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागावरून जात नाहीत, कोपरा कापत आतून जातात. पुढच्या-मागच्या चाकांत ६ मीटर अंतर असलेला ट्रक घ्या. त्याचं पुढचं चाक १२ मीटर त्रिज्येच्या वळणावर फिरत राहिलं, तर मागचं चाक त्याच्या दीड मीटरहून जास्त आतून फिरतं. दीड मीटर म्हणजे हँडलसकट अख्खी सायकल आणि तिच्यावरचा माणूस. ट्रेलर असेल तर फरक आणखी वाढतो. ड्रायव्हरला हे पुरतं ठाऊक असतं. मागचं चाक फुटपाथवर चढू नये म्हणून तो डावीकडे वळण्याआधी गाडी जरा उजवीकडे काढतो. मागून बघणाऱ्या सायकलवाल्याला काय दिसतं? ट्रक उजवीकडे सरकला, डावीकडे जागा झाली. ती जागा मागच्या चाकासाठी केलेली असते.

मी एकदा त्या जागेत शिरले होते. मला वाटलं, त्याने मला पाहिलं आणि वाट दिली. दोन पॅडल मारले असतील, तेवढ्यात उजव्या बाजूची ती पत्र्याची भिंत जवळ यायला लागली. आवाज वाढला नाही, हॉर्न नाही, ब्रेकची करकर नाही. मागचं चाक माझ्या कोपराच्या उंचीवर आलं. त्याच्यावरचे नट गोल फिरताना मी एकेक वेगळा पाहिला, इतकं हळू चाललं होतं ते. मी सायकल सोडली आणि फुटपाथवर अंग टाकलं. पुढचं चाक त्याच्याखाली जाऊन पापडासारखं दुमडलं. ट्रक वळून निघून गेला. थांबला नाही, कारण ड्रायव्हरला काही कळलंच नव्हतं.

कळलं नव्हतं यावर माझा तेव्हा विश्वास बसला नाही. कितीतरी दिवस मी त्या न पाहिलेल्या माणसावर संतापलेली होते. मग ओळखीतल्या एका ट्रकचालकाने मला त्याच्या उभ्या ट्रकच्या केबिनमध्ये बसवलं. पायऱ्या चढून वर गेले, स्टीअरिंगमागे बसले. अशा उंच केबिनमध्ये ड्रायव्हरचे डोळे जमिनीपासून अडीच मीटरच्या आसपास असतात. तो माझी सायकल घेऊन डाव्या दाराशी जाऊन उभा राहिला. मी डावीकडच्या खिडकीतून पाहिलं, समोरच्या काचेतून पाहिलं. चांगला उंचापुरा माणूस, पण दिसेना. मी हाक मारली, त्याने हात वर केला, तेव्हा खिडकीच्या खालच्या कडेवर चार बोटांची टोकं दिसली. मग आरसे आठवले. मोठा आरसा, त्याखाली रुंद कोनाचा, दारावर खाली बघणारा, समोर नाकाशी बघणारा. एका आरशात त्याचा खांदा सापडला. तो अर्धं पाऊल सरकला आणि त्यातूनही गेला. आरसे सगळे बरोबर लावलेले होते. पण एकेकात डोकावून शेवटच्यापर्यंत पोचेस्तोवर पहिल्यातलं चित्र बदललेलं असतं, आणि त्याच वेळी पादचारी, समोरची गाडी, सिग्नल हे सगळंही बघायचं असतं. त्या दिवशी माझा राग उतरला. भीती मात्र नेमकी झाली.

लंडनचे पोलीस मुद्दाम ट्रक आणून सायकलस्वारांना असं केबिनमध्ये बसवतात. सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाला आयुष्यात एकदा तरी ही दहा मिनिटं मिळायला हवीत.

आता लगेच पुढचा प्रश्न येतो. मग काळजी सगळी सायकलवाल्यानेच घ्यायची का? मुळीच नाही, आणि याबद्दल मला फार तळमळीने वाटतं. जो दिसत नाही त्याला "दिसत राहा" असं सांगून काय उपयोग? गाडी अशी बांधा की तो दिसेल. लंडनमध्ये १२ टनांवरच्या ट्रकना ० ते ५ तारे देतात, आणि ते कशावर, तर ड्रायव्हरला आरशाविना, थेट काचेतून किती दिसतं यावर. मार्च २०२१पासून तिथे हे तारे पाहून दिलेल्या खास परवान्याशिवाय असा ट्रक चालवला तर दंड होतो. ऑक्टोबर २०२४पासून किमान ३ तारे लागतात, नसतील तर कॅमेरे, सेन्सर अशी ठरवून दिलेली साधनं बसवावी लागतात. युरोपीय संघात जुलै २०२४पासून नव्या ट्रक-बसमध्ये कडेच्या सायकलस्वाराची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची आहे. जर्मनीने २०२०मध्ये आणखी साधी गोष्ट केली. साडेतीन टनांवरच्या गाड्यांनी शहरात उजवीकडे वळताना (तिथे जवळची बाजू उजवी) सायकली किंवा पादचारी येण्याची शक्यता असेल तर माणसाच्या चालीने वळायचं. वेग कमी झाला की आरशांत बघायला वेळ मिळतो. आणि पुढच्या-मागच्या चाकांमधली पोकळी झाकणारा कडेचा गार्ड तर जुनीच, स्वस्त गोष्ट. तो असला तर पडलेला माणूस आत ओढला जाण्याऐवजी बाहेर ढकलला जाण्याची शक्यता वाढते.

रस्त्याचंही तेच. नेदरलँड्समधल्या चौकांत कोपऱ्यावर एक छोटं बेट असतं आणि सायकलींची ओलांडायची जागा जवळजवळ एका गाडीच्या लांबीइतकी आत घेतलेली असते. वळणारा ट्रक तिथे पोचतो तोवर बराचसा वळून झालेला असतो, त्यामुळे सायकल त्याच्या बगलेत न राहता समोरच्या काचेत येते. याहून चांगला उपाय म्हणजे सायकलींना वेगळा हिरवा दिवा. याउलट, गाड्यांच्या पुढे सायकलींसाठी चौकोन रंगवायचा आणि तिथे पोचायला डाव्या कडेने बारीकसा पट्टा आखून द्यायचा, याचा मला मनापासून राग येतो. चौकोन ठीक आहे. पण तो पट्टा सायकलवाल्याला बोट धरून बरोबर ट्रकच्या दाराशी नेतो, आणि अर्ध्या वाटेत दिवा हिरवा झाला तर तो तिथेच सापडतो.

हे सगळं होईपर्यंत मी काय करते, तर मागे थांबते. अगदी चिकटून नाही. त्याचा आरसा मला दिसेल इतकं अंतर ठेवून, आणि कडेला न घुसता लेनच्या मध्यावर, म्हणजे मागचा कोणी मला डावीकडे दाबत नाही. इंडिकेटर लागला नाही म्हणून तो सरळच जाणार असं धरत नाही. पुढची चाकं कुठे वळली आहेत ते बघते. मी सगळ्यांच्या आधी पोचले असेन तर अगदी त्याच्या नाकाशी थांबत नाही, कारण समोरच्या काचेखालीही आंधळी जागा असते. जागा असेल तर तीन-चार मीटर पुढे जाते आणि मान वळवून त्याच्याकडे बघते. त्याने पाहिल्याची खूण केली की निम्मं काम झालं.

एक प्रश्न मात्र खरंच अवघड आहे, आणि तो मला एका कॉलेजच्या मुलाने विचारला होता. तुम्ही आधीच कडेला उभ्या आहात आणि ट्रक नंतर येऊन तुमच्या शेजारी थांबला तर? तेव्हा पुढेही जाता येत नाही, मागेही नाही. मी त्या वेळी उतरते. सायकल उचलून फुटपाथवर घेते. दिवा हिरवा होतो, मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. ट्रकचं पुढचं चाक जातं, मग मधलं, मग ते मागचं, फुटपाथच्या कडेला घासून जाणारं. ते गेलं की मी सायकल खाली घेते.