ताट कुठंय?

"त्या म्हातारीचं ताट कुठंय रे?" आईनं विचारलं आणि आमचं हसू जागीच थांबलं.

काल रात्री, लातूरला घरीच. लेकानं एक अ‍ॅनिमेशन फिल्म टीव्हीवर लावली होती. जेमतेम सात मिनिटांची. फ्लॅटमधलं कुटुंब, घरात एक म्हातारीही. त्यातली आई स्वयंपाकघरातून ग्रुपवर मेसेज टाकते, 'जेवायला या'. बाप टेबलाशी बसल्या बसल्या अंगठा दाखवतो, तोही मोबाईलवरच. आम्ही पोट धरून हसायलो होतो. (आमच्याही हातात मोबाईल होतेच, ते सोडा.)

मागं घेऊन मोजलं. माणसं पाच, ताटं चार.

मी म्हणलं, काढणारा विसरला असेल. लेक म्हणाला, "बाबा, शूटिंगमध्ये एखादी वस्तू चुकून राहते. इथं सेकंदाला 24 फ्रेम, अन् त्यात दिसणारी वाटीसुद्धा कुणालातरी काढावी लागते. ताट नाही म्हणजे मुद्दामच नाही."

आई तोवर उठून आत गेली होती.

ती सातलाच जेवते. ज्वारीची अर्धी भाकरी दुधात कुस्करून, ओट्याशेजारी पाटावर बसून. आम्ही साडेनऊला, टीव्हीसमोर. तोवर तिची पितळी घासून पालथी घातलेली असते. तिला लवकर भूक लागते, हे आम्हीच ठरवून टाकलंय. विचारलं कुणी?

आज सकाळी बायकोला म्हणलं, रात्री सातला सगळेच बसू.

लेकानं मोबाईलमधून मान वर केली, "एवढ्या लवकर?"