वॉटसनला गोळी लागते तो सीन

गेले दोन आठवडे रात्री जेवणं झाली, ओटा आवरून झाला की मी जेरेमी ब्रेटचं शेरलॉक होम्स परत पहिल्यापासून बघत होते. ग्रॅनाडा या ब्रिटिश टीव्ही कंपनीची ती जुनी सिरीयल, 1984 ते 1994, एकूण 41 भाग. काल शेवटच्या सीझनपर्यंत पोचले. मी एका सीनची वाट बघत होते आणि तो आलाच नाही, तेव्हापासून जी हुरहूर लागलीय ती इथे लिहून टाकते.

सीन 'थ्री गॅरिडेब्स' या गोष्टीतला. एका म्हाताऱ्या संग्राहकाला थाप मारलेली असते की तुझ्या विचित्र आडनावाची तीन माणसं मिळाली तर तिघांना मोठी इस्टेट मिळेल. खरं कारण एवढंच, की हा घरकोंबडा माणूस एकदा तरी घराबाहेर पडावा, कारण त्याच्या खोलीखाली तळघरात खोट्या नोटा छापायचं मशीन लपवलेलं असतं. होम्स आणि त्याचा मित्र, या गोष्टी लिहिणारा डॉक्टर वॉटसन, दबा धरून बसतात, तो बदमाश येतो, पकडला जातोय म्हटल्यावर गोळ्या झाडतो आणि एक वॉटसनच्या मांडीला चाटून जाते. मग होम्स, जो आयुष्यभर भावना म्हणजे विचारातला अडथळा असं म्हणत आला तो, त्या माणसाच्या डोक्यात पिस्तूल हाणतो आणि वॉटसनला धरतो, लागलं नाही ना म्हणून विचारतो, चाकूने पँट फाडून जखम बघतो, आणि जखम वरवरची आहे हे कळल्यावर त्या माणसाला सांगतो की वॉटसन मेला असता तर तू या खोलीतून जिवंत बाहेर गेला नसतास. त्याचे ओठ थरथरत असतात. वॉटसन लिहितो की एवढं प्रेम दिसण्यासाठी अशा कितीही जखमा चालल्या असत्या. साठ गोष्टींमध्ये होम्स एवढा उघडा पडलेला दुसरा प्रसंग मला तरी आठवत नाही.

ग्रॅनाडाने 1994 मध्ये ही गोष्ट 'मॅझरिन स्टोन'मध्ये मिसळून टाकली. ब्रेट तेव्हा फार आजारी होता, हृदय साथ देत नव्हतं, म्हणून होम्सचं बरंचसं काम भाऊ मायक्रॉफ्टकडे दिलं. पुढच्याच वर्षी ब्रेट गेला. त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार? पण ज्या सिरीयलने वॉटसनला त्याचा मान परत दिला तिथेच हा सीन नसावा याचं वाईट वाटतंच.

मान परत दिला असं म्हणतेय कारण त्याआधी त्याचे फार हाल झाले होते. 1939 ते 1946 मध्ये बेसिल रॅथबोन होम्स असलेले 14 सिनेमे आले, त्यातला नायजेल ब्रूसचा वॉटसन म्हणजे धडपडणारा, काहीच न कळणारा गोड म्हातारा. ब्रूस नट चांगलाच होता, पण तो वॉटसन गोष्टीतला नव्हे. गोष्टीतला वॉटसन लष्करी डॉक्टर आहे, पहिल्याच पुस्तकात तो आपल्या मुंबईत उतरतो, तिथे त्याला कळतं की पलटण पुढे गेली, मग तो अफगाणिस्तानात जातो आणि 1880 च्या मैवंदच्या लढाईत गोळी खातो. (मैवंदला बॉम्बे ग्रेनेडियर्स पण होते, हे कळलं तेव्हा मला एकदम तो माणूस जवळचा वाटायला लागला.) असा माणूस बावळट कसा असेल? आणि सगळ्या गोष्टी आपण त्याच्याच डोळ्यांनी बघतो ना, तो बावळट केला की होम्सच्या हुशारीलाही काही किंमत उरत नाही, बावळट माणसाला कुणीही चकित करेल.

ग्रॅनाडाचा पहिला वॉटसन डेव्हिड बर्क, 13 भाग, तरतरीत आणि मिश्किल. मग एडवर्ड हार्डविक. बदल झाला तो 'एम्प्टी हाउस'ला आणि तो इतका बरोबर जागी बसलाय, कारण त्या गोष्टीत होम्स मेला असं समजून तीन वर्षं गेलेली असतात, आणि हार्डविकच्या चेहऱ्यावर ती तीन वर्षं दिसतात. थोडा थकलेला, शांत. मला हार्डविक जास्त आवडतो. रशियन सिरीयलमधला वॉटसन, सोलोमिन, पण सुंदर आहे, त्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

तर तो सीन शेवटी मला रेडिओवर मिळाला. बीबीसी रेडिओ 4 ने 1989 ते 1998 मध्ये सगळ्याच्या सगळ्या 60 गोष्टी केल्या, 56 कथा आणि 4 कादंबऱ्या, आणि सगळीकडे होम्स क्लाइव्ह मेरिसन, वॉटसन मायकेल विल्यम्स. मुख्य लेखक बर्ट कूल्स. विल्यम्स म्हणजे अभिनेत्री जूडी डेंचचा नवरा, 2001 मध्ये गेला. त्याच्या आवाजात अशी ऊब आहे की तो नुसता हवामानाबद्दल बोलला तरी मी ऐकेन.

आणि मला वाटतं या गोष्टींचं खरं घर रेडिओच आहे. वॉटसन सांगतोय आणि आपण ऐकतोय, मुळात रचनाच तशी आहे. 'स्पेकल्ड बँड' घ्या. काळोखी खोली, बारीक शीळ, लोखंड आदळल्याचा आवाज, आणि मग किटलीतून वाफ सुटावी तसा बारीकसा सूं आवाज. टीव्हीवर साप दाखवावाच लागतो, आणि दाखवला की तो नुसता साप होतो. अंधारात तो कुठेही असतो, अगदी आपल्या पायाशी.

'थ्री गॅरिडेब्स' मी आज दुपारी लावलं तेव्हा आई शेजारी शेंगा सोलत बसली होती. तिला इंग्रजी फार कळत नाही, पण आकाशवाणीच्या श्रुतिका ऐकत तिचं आयुष्य गेलंय, आवाजावरून माणूस ओळखते ती. मी मधे मधे थांबवून सांगत होते, हा म्हातारा, हा खोटारडा. गोळीचा आवाज आला तशी ती म्हणाली, "डॉक्टरला लागली ना गं?" मी म्हटलं हो, तुला कसं कळलं. ती म्हणाली, "दुसऱ्याचा आवाज बघ ना कसा झाला."

मग तिने तेवढाच भाग परत लावायला सांगितला.