छंदाच्या वेबसाइटचा खर्च आम्ही कसा भागवतो, माझा अनुभव

आमची फिल्म कॅमेऱ्यांची वेबसाइट आहे, जुने कॅमेरे दुरुस्त करणारे, घरी रोल डेव्हलप करणारे लोक तिथे जमतात. सुरुवातीला सगळा खर्च मीच खिशातून करायचो आणि त्याचं काही वाटायचं नाही, पण लोक वाढले, जो तो निगेटिव्हचे मोठमोठे स्कॅन टाकायला लागला आणि साइटला सर्व्हरवर जागा देणाऱ्या होस्टिंगवाल्यांचा मेल आला की आता वरचा प्लॅन घ्या. मग कायमची सोय लावायलाच हवी होती. काय काय केलं ते सांगतो, कुणाच्या तरी कामाला येईल.

पैसे मागायच्या आधी बिल घेऊन बसलो. जवळपास सगळा भार फोटोंचा, मजकुराला जागा लागतच नाही म्हणा ना. मग अपलोड होतानाच फोटो लहान करून वेबपी या कमी जागा घेणाऱ्या फॉरमॅटमध्ये ठेवायचे आणि मूळ मोठी फाइल ज्याची त्याने सांभाळायची असं ठरवलं, पुढे क्लाउडफ्लेअरचा (फोटोंच्या प्रती स्वतःकडे ठेवून तिथूनच पाठवणारी सेवा) फुकटचा प्लॅन लावला म्हणजे तोच फोटो दर वेळी आमच्या सर्व्हरवरून जात नाही. साइट सुरक्षित उघडावी म्हणून लागणारं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं, तेही फुकट. वरच्या प्लॅनची गरजच उरली नाही. माझं स्पष्ट मत आहे, आधी एवढं करावं आणि मगच लोकांकडे पैसे मागावेत.

तरी वर्षाचं बिल असतंच. जाहिराती लावून पाहिल्या, गूगलच्या अ‍ॅडसेन्स या सेवेच्या. अ‍ॅडसेन्समध्ये १०० डॉलर जमेपर्यंत पैसे हातात येत नाहीत, लहान साइटला तिथवर पोचायला फार वेळ लागतो, त्यात आमच्या बऱ्याच मंडळींकडे जाहिराती लपवणारा अ‍ॅडब्लॉकर. आणि मला खरा त्रास वेगळ्याच गोष्टीचा झाला, शटर दुरुस्तीच्या पानावर कुठला स्क्रू आधी काढायचा हे दाखवणारे फोटो आहेत, त्यांच्या मधोमध कर्जाची जाहिरात यायची, नवखा माणूस कॅमेरा उघडून बसलेला असताना तिथेच गोंधळायचा. काढून टाकल्या.

अफिलिएट लिंकचाही विचार झाला, म्हणजे आपल्या लिंकवरून कुणी खरेदी केली की आपल्याला कमिशन. अ‍ॅमेझॉनकडे १८० दिवसांत किमान तीन विक्री व्हाव्या लागतात, नाहीतर खातं बंद होतं, पण आमच्यात सगळी खरेदी सेकंडहँडची, नवीन घेऊन घेऊन घेणार काय, रोल आणि केमिकल. शिवाय अमुक लेन्स घे म्हणून सांगणाऱ्यालाच कमिशन मिळतंय म्हटल्यावर त्या सल्ल्यावर कोण विश्वास ठेवणार? लोक आमच्याकडे येतात ते त्या विश्वासामुळेच.

प्रवेश फी हाही मार्ग आहे, मेटाफिल्टर ही चर्चेची जुनी साइट नवीन सदस्याकडून एकदाच ५ डॉलर घेत आलीये, त्याने स्पॅमला चांगला आळा बसतो. पण आमच्याकडे आजोबांचा कॅमेरा सापडला म्हणून शाळकरी मुलं येतात, त्यांना दारातच पैसे मागणं मला पटेना.

शेवटी वर्गणी. आर्काइव्ह ऑफ अवर ओनसारखी (चाहत्यांनी लिहिलेल्या कथांची) एवढी मोठी साइट एकही जाहिरात न लावता वर्षातून दोनदा देणगी मागून चालते, ते बघून धीर आला. आम्ही वर्षातून एकदाच मागतो. दर महिन्याला छोटी रक्कम घेतली तर प्रत्येक पेमेंटला टक्केवारी कापली जाते आणि वर एक ठरावीक रक्कमही जाते, म्हणजे दिलेल्यातलं बरंचसं वाटेतच संपतं, वर्षाचं एकदम घेतलं की ती ठरावीक कापाकापी एकदाच.

पैसे माझ्या खात्यात नको होते म्हणून ओपन कलेक्टिव्ह या गटांचे पैसे सांभाळणाऱ्या साइटवर गेलो, तिथे पैसे एक होस्ट संस्था सांभाळते आणि जमाखर्चाची ओळ न् ओळ सगळ्यांना दिसते. याचा इतका फायदा होईल असं वाटलं नव्हतं. एका सदस्याने हिशेबात बॅकअपचा खर्च पाहिला, हे दुसरीकडे स्वस्तात होईल म्हणून स्वतःहून कळवलं आणि बसून सगळं हलवूनही दिलं! पैसे देणाऱ्याला कसलीही खास सवलत नाही, हवं असेल तर एका पानावर नाव येतं, बस्स.

बिलापुरती रक्कम जमली की वर्गणीची पाटी लगेच काढतो. उरलेल्यातून पहिल्यांदा डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, पुढच्या काही वर्षांसाठी भरून टाकलं, कारण होस्टिंग बदलता येतं पण डोमेन हातचं गेलं की परत मिळेलच असं नाही, आणि त्याचं लॉगिन आता माझ्याशिवाय आणखी दोघांकडे आहे.