मिकॉबरचं ‘टर्न अप’

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा असा मेसेज आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आला तोवर सहल, गॅदरिंग, पीटीचा तास, डब्यातली अदलाबदल असे सगळे विषय बाकीच्यांनी पटकावले होते, मग माझ्या वाट्याला इंग्रजी उरलं. त्याला माझी हरकत नाही, कारण शाळेतलं जे थोडंफार डोक्यात टिकलंय त्यात ‘टर्न अप’ हे एक क्रियापद आहे आणि ते टिकलंय ते इंग्रज कादंबरीकार चार्ल्स डिकन्समुळे आणि आमच्या इंग्रजीच्या सरांमुळे.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. ए बी सी डी गिरवत गिरवत नववीत पोचलो की एकदम फ्रेजल व्हर्ब्जचा, म्हणजे जोडक्रियापदांचा, मारा सुरू व्हायचा, लुक आफ्टर, लुक फॉर, पुट ऑफ, पुट अप विथ, आणि त्यांचे अर्थ गाइडमधून पाठ करायचे. गाइडमध्ये ‘टर्न अप म्हणजे हजर होणे’ असं छापलेलं होतं. सरांना गाइडचा मनापासून राग. म्हणाले, ‘काहीतरी टर्न अप झालं’ याचं काय करशील मग, काहीतरी हजर झालं? हजेरी घेतलीस का त्याची? वर्ग हसला, आणि पुढच्या शनिवारी सकाळच्या शाळेला सर लायब्ररीच्या कपाटातलं डिकन्सचं एक जाडजूड, बारीक टाइपाचं ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ घेऊन आले. सिलॅबसमध्ये नव्हतंच ते. शेवटच्या तासाला एक पान वाचायचं आणि मराठीत समजावत बसायचं, असं बरेच शनिवार चाललं. परीक्षेला याचा उपयोग काय असं एका पालकांनी येऊन विचारलंही होतं म्हणे.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हे पुस्तक मे १८४९ ते नोव्हेंबर १८५० असं महिन्याच्या महिन्याला, भागाभागाने निघालं. लहानगा डेव्हिड लंडनमध्ये बाटल्या धुवायच्या कामाला लागतो आणि विल्किन्स मिकॉबर नावाच्या गृहस्थाच्या घरी भाड्याने राहतो. मिकॉबर म्हणजे टक्कल, भरघोस भाषा, घरात पोरंबाळं आणि दारात घेणेकरी. अकराव्या प्रकरणात एक जागा आहे ती सरांनी तीनतीनदा वाचून दाखवली होती. मिकॉबर रात्री घरी येतो तो ढसाढसा रडत, आता जेलशिवाय काही उरलं नाही म्हणत, आणि झोपायला जाताना हिशोब काय करतो, तर घराला पुढे काढलेल्या छान गोलाकार खिडक्या बसवायला किती खर्च येईल याचा! का, तर ‘इन केस एनिथिंग टर्न्ड अप’, म्हणजे न जाणो, अचानक काहीतरी चालून आलंच तर. डिकन्स तिथेच सांगून टाकतो की हे त्याचं आवडतं वाक्य होतं.

सर म्हणाले, आता सांगा, या वाक्यात काम कोण करतंय? कोणीच नाही सर. बरोब्बर. काहीतरी येणार, कुठूनतरी येणार, आणि मिकॉबर त्या वाक्यात कुठेच नाही. आमच्यातला एक जण लगेच म्हणाला, सर, ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’. सर खूश झाले पण पूर्ण मार्क दिले नाहीत, कारण त्यांच्या मते मिकॉबर खाटल्यावर पडून राहणारा माणूसच नव्हता. आणि हे खरंय, मी नंतर सगळं पुस्तक वाचलं तेव्हा कळलं. हा बाबा बायकोसकट प्लिमथला जातो, तिच्या माहेरच्यांच्या ओळखीने कस्टममध्ये नोकरी मिळते का बघायला, माहेरचे दारात उभं करत नाहीत. मग मेडवे नदीवरच्या कोळशाच्या धंद्याची पाहणी, त्यात अक्कल लागते तशी कॅपिटलही लागते असा शोध लागतो आणि अक्कल आहे पण कॅपिटल नाही. मग कमिशनवर धान्य विकणं, त्यात पंधरा दिवसांत मिळतात दोन शिलिंग नऊ पेन्स, हा हिशोब मिसेस मिकॉबरच जेवणाच्या टेबलावर मांडते. मग पेपरात जाहिरात देऊन सगळ्या समाजाला आव्हान द्यायचा बेत! इतकी धडपड करणारा माणूस तोंडाने मात्र एकच वाक्य म्हणतो ज्यात धडपड शून्य. सर म्हणायचे, तो आळशी नाही, लाजरा आहे, मी अमुक करणार म्हटलं आणि नाही झालं तर तोंड कुठे लपवायचं, म्हणून सगळा भार त्या ‘काहीतरी’वर.

माझं इथे सरांशी थोडं वाजतं, अजूनही. मी पुढे बँकेत लागलो, बरीच वर्षं कर्ज विभागात गेली, आणि समोर बसून ‘साहेब, होईल काहीतरी’ म्हणणारी इतकी माणसं पाहिली की त्या वाक्याची किंमत कोण भरतो हे मला चांगलं माहीत झालंय. जामीनदार भरतो. डिकन्सलाही ते पक्कं ठाऊक होतं. डेव्हिडचा भोळा मित्र ट्रॅडल्स मिकॉबरच्या दोन हुंड्यांवर आपली सही देतो, एक २३ पौंड ४ शिलिंग साडेनऊ पेन्सची, दुसरी १८ पौंड ६ शिलिंग २ पेन्सची. मिकॉबरच्या घरी जप्ती येते तेव्हा बिचाऱ्याने लग्नासाठी जमवलेलं संगमरवरी टेबल आणि फुलांच्या कुंडीचा स्टँडसुद्धा त्यात जातो. आणि मिकॉबर काय करतो, बेरीज करतो! ४१ पौंड १० शिलिंग साडेअकरा पेन्स, एवढी रक्कम देणं लागतो अशी चिठ्ठी लिहून मोठ्या ऐटीत ट्रॅडल्सच्या हातात ठेवतो आणि कर्ज फेडल्याच्या थाटात ताठ मानेने निघून जातो. (बेरीज मी करून पाहिली, बँकेची सवय, पेनीचाही फरक नाही.) ट्रॅडल्सलाही विचार करायला वेळ मिळेपर्यंत पैसे मिळाल्यासारखंच वाटतं. हसून हसून पुरेवाट होते, पण ते टेबल काही माझ्या डोळ्यासमोरून हलत नाही.

डिकन्सला हे कुठून सुचलं तर घरातूनच. त्याचा बाप जॉन डिकन्स १८२४ साली ४० पौंड १० शिलिंगच्या देण्यापायी मार्शलसी तुरुंगात गेला, तेव्हा बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवत होता. गंमत म्हणजे बाप आत असतानाच आजी वारली आणि तिने बापाच्या नावे ४५० पौंड ठेवलेले निघाले. म्हणजे खरोखरच काहीतरी टर्न अप झालं! असा बाप ज्याने पाहिला तो त्या वाक्याची नुसती टिंगल कशी करेल? वीस पौंड कमाईत एकोणीस पौंड एकोणीस शिलिंग सहा पेन्स खर्च केले तर सुख, हा उपदेश मिकॉबर कर्जापायी तुरुंगात बसून छोट्या डेव्हिडला करतो आणि लगेच त्याच पोराकडून बिअरसाठी एक शिलिंग उसना घेतो, हे लिहिताना डिकन्सला राग आला असेल की माया, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण सरांनी खरी मजा दाखवली ती सतराव्या प्रकरणात. तोवर डेव्हिडचे दिवस पालटलेत, तो कँटरबरीला चांगल्या शाळेत आहे, बाटल्या धुण्याचे दिवस त्याने सगळ्यांपासून लपवलेत. वकिलाकडे कारकून असलेल्या उराया हीपच्या घरी चहाला बसलाय, हीप मायलेक गोड बोलून त्याच्याकडून एकेक माहिती काढून घेतायत, उकाड्यामुळे दार उघडं आहे, आणि रस्त्यावरून जाणारा एक माणूस आत डोकावतो, पुढे जातो, परत येतो आणि ‘कॉपरफील्ड!’ म्हणत सरळ घरात शिरतो. मिकॉबर! डेव्हिडच्या पोटात गोळा. या प्रकरणाचं नावच डिकन्सने ठेवलंय ‘समबडी टर्न्स अप’, म्हणजे कोणीतरी उपटतं. सरांनी फळ्यावर एका खाली एक लिहिलं, एनिथिंग टर्न्ड अप, समबडी टर्न्स अप, आणि खडू ठेवून आमच्याकडे बघत राहिले. अकराव्या प्रकरणापासून ज्या ‘काहीतरी’ची वाट बघणं चाललंय ते येतच नाही, वाट बघणारा मात्र नको तिथे उपटतो. तेव्हा आम्ही एवढ्यावरच जाम खूश झालो होतो.

पुढचं मला मोठेपणी वाचताना दिसलं, सरांनी बहुतेक मुद्दाम सांगितलं नसावं. त्याच चहाच्या टेबलावर मिकॉबरची हीपशी ओळख होते, दुसऱ्या दिवशी दोघं हातात हात घालून फिरताना दिसतात. पुढे मिकॉबर त्याच हीपकडे कारकून लागतो, कागदपत्रं चाळतो, हीपच्या खोट्या सह्यांचे आणि अफरातफरीचे पुरावे गुपचूप जमा करत राहतो आणि बावन्नाव्या प्रकरणात सगळ्यांसमोर भलंमोठं पत्र वाचून हीपचा पर्दाफाश करतो. त्याच्या बदल्यात डेव्हिडच्या वडिलांच्या आत्याच्या पुढाकाराने त्याची देणी मिटतात आणि कुटुंब ऑस्ट्रेलियाला जातं, तिथे हा माणूस मॅजिस्ट्रेट होतो. (डिकन्सने पुढे स्वतःची दोन मुलंही ऑस्ट्रेलियाला पाठवली, १८६५ ला एक आणि १८६८ ला दुसरा, स्वतः कधी गेला नाही.) म्हणजे आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते त्या दिवशी खुर्चीत बसून चहा पीत होतं, आणि मिकॉबर दारावरून तसाच पुढे न जाता मागे वळून आत शिरला म्हणून भेटलं. ते सतरावं प्रकरण संपतं तेही बघा, सगळं संपलं असं रडगाणं पत्रात लिहून मिकॉबर लंडनच्या गाडीवर बायकोशी गप्पा मारत, कागदाच्या पिशवीतले अक्रोड खात निवांत चाललेला, खिशातून बाटली डोकावतेय.

आता बाजारात मुलांसाठी मिळतात त्या संक्षिप्त आवृत्त्या मी नातवासाठी चाळून बघितल्या. मी बघितल्या त्यांत प्रकरणांची नावं काढून नुसते आकडे घातलेत, म्हणजे सतराव्यातली गंमत गेलीच, आणि गोल खिडक्याही गेल्या. म्हणून पूर्ण पुस्तकाची एक प्रत, जरा मोठ्या टाइपाची, शाळेच्या लायब्ररीसाठी या स्मरणिकेच्या लेखाबरोबरच पाठवतोय. नववी-दहावीच्या मुलांना पहिल्या पानापासून वाचा म्हणू नका, कंटाळतील, अकराव्या प्रकरणापासून द्या. आणि कृपा करून पुस्तक कुलपात ठेवू नका.