पिकअपच्या बोनेटला डॅम्पिंग लावलं, पण आवाज दुसरीकडूनच येत होता

आमच्या वरुड भागात आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्यात निघणारा, संत्रा तुटायला लागला की दोन महिने झोपेचा विषयच नसतो. संध्याकाळी क्रेट भरायचे, रात्री दोन-अडीचला गाडी काढायची, जलालखेडा, काटोल करत उजाडायच्या आत नागपूरले कळमन्याच्या मार्केटात पोचायचं. सोबत बाबा असतात. त्यांना डाव्या कानानं कमी ऐकू येतं, बसतात माझ्या डावीकडं म्हणजे चांगला कान माझ्याच बाजूला असतो, तरी इतके वर्षं गाडीत आमचं बोलणं म्हणजे नुसतं ओरडणं. मी काही विचारलं की ते म्हणतात, "आं? काय म्हनतं?" आणि तिसऱ्यांदा ओरडून सांगण्यापेक्षा गप बसलेलं बरं असं दोघांनाही वाटते. तीन तास जायचं, तीन तास यायचं, आणि बापलेकात चार वाक्यं.

तर यावेळी ठरवलं की या आवाजाचं काहीतरी करायचंच.

गाडी २०१४ ची डिझेल पिकअप. बोनेटच्या आतून कंपनीचं लोकरीसारखं काळं अस्तर होतं, ते दोन वर्षांमागं उंदरांनी कुरतडलं. सोयाबीन सोंगून झालं की वावरातले उंदीर घराकडं येतात आणि उभ्या गाडीचं गरम इंजिन त्यांना लय आवडते, आमच्याकडं हे सगळ्यांनाच माहीत आहे. तेव्हापासून बोनेट म्हणजे उघडा पत्रा.

पहिला प्रयत्न मागच्या वर्षीचा, तो फसला, आणि तेच आधी सांगतो कारण अजून बरेच जण तीच चूक करून राहिले. पत्र्याची थरथर मारायला बोनेटच्या आतून लावायची डांबराची शीट एका दुकानातून आणली होती, स्वस्त मिळाली म्हणून. हिवाळ्यात मस्त चिकटली. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जाते, त्यात उन्हात उभं बोनेट आणि खालून इंजिनची धग, तिथं डांबर कसं टिकणार, ते तर ५० अंशाच्या आसपासच मऊ पडायला लागते. एक दिवस बोनेट उघडलं तर शीट घसरून खाली लोंबून राहिलेली आणि काळे थेंब इंजिनच्या कव्हरवर. रॉकेलच्या बोळ्यानं घासून काढता काढता अख्खा रविवार गेला. विदर्भात बोनेटला आणि टपाला डांबराची शीट लावू नका, फुकट दिली तरी.

यंदा ब्युटाइल रबराची घेतली, २ मिलिमीटर जाड, वरून ॲल्युमिनियमची फॉइल. सीट कव्हरवाल्यांकडं मिळते, डॅम्पिंग शीट म्हटलं की समजतात. हिचं काम आवाज अडवायचं नसतेच, पत्र्याचं थरथरणं मारायचं असते. पत्रा हलला की मधलं ब्युटाइल ताणलं जाते, वरची फॉइल त्याला धरून ठेवते, आणि त्या ताणाताणीत थरथर उष्णता होऊन जिरते. म्हणून अख्खा पत्रा झाकायची काही गरज नाही, मधोमध, जिथं पत्रा मोकळा आणि सपाट आहे तिथं चौथाई ते निम्मा भाग झाकला तरी भागते. दुकानदार पूर्ण बोनेटचा माल देऊन राहिला होता, मी चार तुकडेच घेतले. वजनाचाही विचार करा, एका चौरस मीटरला तीनेक किलो भरते.

लावायचं काम डिसेंबरातल्या एका सकाळी केलं. आधी बोनेट धुतलं, वाळवलं, मग थिनरचा बोळा फिरवला, तेलाचा एक डागही राहिला की तिथून शीट सुटते. थंडीत ब्युटाइल कडक असते म्हणून तुकडे तासभर उन्हात ठेवले आणि पोरीचा हेअर ड्रायर आणला. बोनेटच्या आतून पत्र्याच्या पट्ट्यांची चौकट असते, तिच्यामधल्या खणांच्या मापाचे तुकडे कापले. काचेवर पाणी मारायची बारीक नळी तिथूनच जाते, तिला मोकळं सोडलं. खालच्या कडेला पाणी निघून जायची भोकं असतात, ती तर बिलकुल बुजवायची नाहीत, नाहीतर पावसाळ्यात आत पाणी साचून बोनेट कडेनं सडते. हातमोजे घाला, फॉइलची कापलेली कड ब्लेडसारखी लागते, माझी करंगळी कापली. आणि रोलर जोरात फिरवायचा, फॉइलवरचे बारीक उंचवटे दबून सपाट होईपर्यंत, तेव्हाच ती खरी चिकटली समजायचं.

एक खण झाला आणि वरून बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं. आधी "टण्ण" वाजायचं आणि मागं थोडं रेंगाळायचं. आता "ठप". बस, तेवढंच, जशी भिंत ठोकली. मी बाबांना बोलावलं, त्यांनी लावलेल्या आणि न लावलेल्या जागेवर चारपाच वेळा ठोकून पाहिलं, म्हणाले, "हव, हे लयच बसलं."

मग मोबाइलच्या ॲपवर मोजलं. ॲपचा आकडा काही पक्का नसतो, पण तोच मोबाइल त्याच जागी ठेवून आधी आणि नंतर मोजलं तर फरक कळते. गाडीसमोर उभं राहिलं तर डिझेलची ती टकटक बरीच मवाळ वाटत होती. केबिनमध्ये मात्र उभ्या गाडीत ६८ चे ६६ डेसिबल झाले, आणि ६० च्या स्पीडला ७८ होते ते ७८ च राहिले. मन खट्टू झालं, एवढा दिवस घालवला.

पण विचार केला तर बरोबरच आहे. डिझेलचा ठोका सिलिंडरात इंधन एकदम पेटल्यामुळं होते, तो आवाज बोनेटमधून वर जाते, म्हणजे बाहेर. केबिनमध्ये येतो तो डॅशबोर्डमागच्या पत्र्याच्या भिंतीतून, म्हणजे फायरवॉलमधून, आणि खालून फ्लोअरमधून. बोनेट शांत केलं की त्याच्या पत्र्याचं थरथरणं आणि वाजणं जाते, इंजिन काही मुकं होत नाही. ते कोणी नीट सांगत नाही म्हणून लिहून राहिलो.

आमच्या गावच्या मिस्त्रीनं मग दोन गोष्टी दाखवल्या आणि त्यातच खरी गंमत निघाली. बोनेटच्या दोन्ही कोपऱ्यांवर, समोर, रबरी बटणं असतात, त्यांच्यावर बोनेट टेकते. माझी घासून बसली होती, बोनेट त्यांना टेकतच नव्हतं, म्हणून खराब रस्त्यावर खडखड. ती फिरवून दीड-दोन आटे वर घेतली, खडखड गेली, खर्च शून्य. दुसरं, रात्री बोनेटखाली टॉर्च पेटवून ठेवली, केबिनमधला लाइट बंद केला आणि मी पायाकडं डोकं घालून डॅशबोर्डखाली पाहिलं. क्लचजवळ एक उजेडाची रेघ, आणि वायरिंगची दोरी जिथून आत येते तिथं बोटभर चांदणं! तिथलं रबरी ग्रोमेट, म्हणजे वायरींभोवती भोक बंद करणारी रबराची कडी, वाळून फाटलं होतं. जिथून उजेड येते तिथून आवाजही येतो, आणि धूळ आणि गरम हवाही. नवीन ग्रोमेट बसवलं, बाकीच्या फटीत उरलेल्या ब्युटाइलची वळी करून दाबली, क्लचच्या हलणाऱ्या भागाला लागणार नाही एवढं पाहिलं. परत मोजलं, ६० च्या स्पीडला ७५. तीन डेसिबल ऐकायला थोडे वाटतात पण तेवढ्यात आवाजाची ताकद निम्मी होते.

एक सांगतो, काही जण बोनेटखाली जुनं घोंगडं, थर्माकोल, गादीचा फोम काहीही लावतात. नका लावू. डिझेलचा पाइप कधी पाझरला तर ते सगळं पिऊन घेते, आणि बाजूलाच तापलेला टर्बो आणि सायलेन्सरचा पाइप असतो. फोम लावायचाच तर आग न धरणारा, फॉइल असलेला, आणि टर्बोच्या डोक्यावरची जागा मोकळी. आणि डिझेलचा वास येत असेल तर आधी गळती काढा, डॅम्पिंग मग.

परवा शेवटच्या मालाची खेप होती. काटोलच्या अलीकडं बाबा आपणहून बोलायला लागले, मृग बहाराच्या, म्हणजे आंबियानंतर तुटणाऱ्या, बागेतल्या खालच्या ओळीतली झाडं पिवळी पडून राहिली, मुळ्या सडल्या असतील, पाणी कमी करू अन् बोर्डोची (मोरचूद आणि चुन्याची) पेस्ट लावू म्हणून. मी साध्या आवाजात विचारलं, किती झाडं? ते म्हणाले, "बावीस."

आता मृगाचा माल निघायच्या आधी सीट काढून फ्लोअरला शीट लावायची आहे, तिथं ब्युटाइलवर जाड रबराची मॅटही टाकणार. बोल्ट गंजलेत, आजच तेल सोडून ठेवलं.